आप्पिया रस्त्यावरील एक जेवण

रोमहून परत आल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "काय काय पाहिलेत?" महामंदिरांचे घुमट, कारंजी, पुतळे, भग्न प्रेक्षागारे यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. त्यांत मी नव्याने भर घालावी असे काही नाही. मी सांगणार आहे ती एका जेवणाची हकीकत. ते जेवण रोम शहराच्या वेशीबाहेर, मेंढरे चरतात अशा एका रानाच्या काठी, तिसऱ्या मजल्यावरील लहानशा स्वयंपाकघरात झाले. ते शिजावयास पंधरा मिनिटे लागली. तथापि सबंध प्रवासात माझ्या मनावर खोल ठसा उमटला तो त्याच जेवणाचा.

माझी धाकटी पुतणी गेली चार वर्षे रोममध्ये एका वृद्ध बाईंच्या शुश्रूषेस आहे. बाईंचे वय ब्याऐंशी. पोर त्यांना 'नोन्ना' म्हणते, म्हणजे आजी. गेल्या उन्हाळ्यात ही पोर एका दुपारी जिन्यावर घेरी येऊन पडली. हाड मोडले नाही, पण डॉक्टरांनी तपासून सांगितले की अंगात ताकद नाही, खाणे पुरेसे नाही. ही बातमी खानापुरास आमच्या घरी पोहोचली तेव्हा वहिनींनी अन्न सोडल्यासारखेच केले. "दुसऱ्याच्या आईला भरवते आणि स्वतः चहापावावर राहते," एवढेच त्या पुनःपुन्हा म्हणत. 2025 च्या नोव्हेंबरात यात्रेकरूंच्या एका तुकडीबरोबर मला रोमला जाण्याचा योग आला. निघताना थोरल्या बंधूंनी माझ्या हातावर हात ठेवला व म्हणाले, "बाकी काही पाहिले नाहीस तरी चालेल. पोर काय खाते, ते डोळ्यांनी पाहून ये."

यात्रेचा कार्यक्रम आटोपल्यावर मी दोन दिवस तिच्याकडे राहिलो. पहिल्याच सकाळी ती म्हणाली, "काका, आज दुपारी नोन्ना स्वतः स्वयंपाक करणार आहेत. त्यासाठी रिकोत्ता आणायचा आहे. चालत जाऊ या का?"

आम्ही पोर्ता सान सेबास्तियानो या जुन्या वेशीतून बाहेर पडलो. येथून जो रस्ता दक्षिणेस जातो तोच सुप्रसिद्ध आप्पिया मार्ग. ख्रिस्तपूर्व 312 साली आप्पियुस क्लाउदियुस नामक रोमन अधिकाऱ्याने त्याची आखणी केली. 2024 साली युनेस्कोने त्याची जागतिक वारशात नोंद केली. थोडे चालल्यावर डाव्या हातास 'दोमिने क्वो वादिस' हे लहानसे चर्च लागते. पुढे भूमिगत दफनभूमी आहेत व त्याहून पुढे जुन्या काळ्या दगडांची फरसबंदी आणि छत्रीसारखी माथ्यावर पसरलेली पाइनची झाडे आहेत. पण आम्ही चर्चजवळूनच डावीकडे वळलो व काफारेल्ला नावाच्या दरीत उतरलो.

काय आश्चर्य सांगावे! पाठीमागे लक्षावधी वस्तीचे शहर, आणि समोर आल्मोने नावाचा ओढा, ओले हिरवे गवत व त्यात मेंढरांचा कळप! गळ्यातील घंटांचा आवाज ऐकून मला क्षणभर वाटले की मी आपल्याच मुलखात उभा आहे. दसरा-दिवाळीनंतर आपल्याकडील धनगर कळप घेऊन घाट उतरतात, तशीच येथील रीत होती. आब्रुझ्झीच्या डोंगरांत बर्फ पडण्यापूर्वी तेथील मेंढपाळ कळपांसह रोमभोवतालच्या सपाटीवर येत व उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा डोंगर चढत. शतकानुशतके हे चालले. मेंढपाळांच्या या हंगामी वाटचालीची 2019 साली युनेस्कोने मानवजातीच्या परंपरांत नोंद केली. आज बहुतेक कळप मोटारींतून जातात. परंतु त्या मेंढपाळांनी मागे ठेवलेले खाणे मात्र रोमच्या घरोघरी आहे.

ते खाणे कसे तयार होते हे मला दुपारपूर्वीच पाहावयास मिळाले. पुतणीच्या ओळखीच्या एका मेंढपाळाच्या वाड्यात आम्ही गेलो. आत आपल्याकडील गुऱ्हाळातील काहिलीसारखे भांडे होते. पहाटे त्यात मेंढीचे दूध कोमट करून, कोकराच्या जठरातून काढलेले दूध गोठविणारे द्रव्य त्यात घातले होते. गोठलेला भाग काढून साच्यांत भरला की त्याचे पेकोरिनो हे कठीण, खारट चीज होते. मागे उरते ते हिरवट, पातळ पाणी, म्हणजे निवळ. आपल्या घरी दह्याचा चक्का बांधला असता जे पाणी गळते, तसलेच ते दिसते.

ते पाणी फेकले जाईल असे मला वाटले. पण मेंढपाळाने त्याखाली पुन्हा जाळ केला. पाणी ऐंशी अंशांच्या वर तापू लागले तसे पृष्ठभागावर पांढरे, मऊ पुंजके तरंगू लागले. गुऱ्हाळात रसावर मळी येते तसे. मात्र मळी काढून टाकतात, आणि येथे जे वर आले तेच धन. झाऱ्याने ते अलगद उचलून त्याने लहान लहान परड्यांत ठेवले. हाच रिकोत्ता. या शब्दाचा अर्थच मुळी 'पुन्हा शिजविलेला' असा आहे. पेकोरिनो बाजारात विकावयाचा आणि रिकोत्ता ताजा ताजा घरच्यांनी खावयाचा, अशी मेंढपाळांची जुनी वहिवाट. श्रीमंताच्या ताटात चीज जाई. गरिबाच्या वाट्यास पाणी येई, आणि त्या पाण्यातूनच गरिबाने बळ काढले.

ऊबदार परडी फडक्यात गुंडाळून आम्ही घरी आलो. नोन्ना ओट्याशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. देह वाळलेला, परंतु दृष्टी तीक्ष्ण. त्यांनी मला बसावयाची खूण केली व पुतणीच्या तोंडून विचारविले, "तुमच्या देशात भाताचे पाणी फेकतात का?" मी म्हणालो, "नाही बाई. आमच्याकडे पेज पितात." हे ऐकून त्या प्रसन्न झाल्या. "मग तुम्हाला शिकविणे सोपे आहे," असे त्या म्हणाल्या.

चार माणसांसाठी त्यांनी 400 ग्रॅम रिगातोनी घेतली. रिगातोनी म्हणजे कठीण गव्हाच्या रव्याच्या, बोटाएवढ्या पोकळ नळ्या. मोठ्या पातेल्यात पाणी उकळले, मीठ नेहमीपेक्षा कमी घातले, कारण पेकोरिनो स्वतः खारट असतो. नळ्या पाण्यात पडल्या की त्या अकरा मिनिटांत शिजतात. सॉसला वेळ लागावयाचा तो एवढाच. एका रुंद भांड्यात 300 ग्रॅम रिकोत्ता घेऊन त्यांनी लाकडी चमच्याने घोटला. त्यात किसलेला पेकोरिनो 40 ग्रॅम व भरपूर जाडसर कुटलेली मिरी घातली. हे भांडे चुलीवर नव्हतेच. मग पातेल्यातील उकळत्या पाण्याची एक पळी बाजूस काढून, क्षणभर निवू देऊन, ती थोडी थोडी करून घातली व चमचा फिरवीत राहिल्या. बघता बघता दाणेदार रिकोत्ता सायीसारखा मऊ, चकचकीत झाला. शिजलेल्या नळ्या निथळून त्यात टाकल्या, आणखी अर्धी पळी पाणी घातले, आणि जेवण तयार!

मी विचारले, "यात साय किती घालता?" नोन्ना हसल्या. "साय कशाला? पाणी आहे ना!"

यातील मर्म असे आहे. पास्ता शिजताना गव्हाचे सत्त्व पाण्यात उतरते व ते पाणी पेजेसारखे किंचित दाट होते. ते दुधाच्या प्रथिनांना एकमेकांस चिकटू देत नाही आणि स्निग्धांश वेगळा होऊ देत नाही. त्यामुळे साय न घालता सायीचा गुळगुळीतपणा येतो. मात्र भांडे जाळावर ठेवून उकळले तर प्रथिने आवळून सॉस रवाळ होतो व चीजचे गोळे बनतात. म्हणून हे काम चुलीखाली उतरवूनच करावयाचे.

पौष्टिकतेचा हिशेबही वाचकांनी ध्यानात घ्यावा. दाट सायीच्या 100 ग्रॅममध्ये प्रथिने जेमतेम 2 ते 3 ग्रॅम असतात. बाकी स्निग्धांश व पाणी. तेवढ्याच रिकोत्त्यात ती 10 ग्रॅमच्या आसपास असतात. एका माणसाच्या ताटातील पास्ता, रिकोत्ता व पेकोरिनो मिळून सुमारे 23 ग्रॅम प्रथिने पोटात जातात. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात, यावरून कल्पना येईल. साठ किलो वजनाच्या प्रौढास दिवसाकाठी सुमारे 50 ग्रॅम लागतात. म्हणजे जवळजवळ निम्मी गरज एका ताटात भागते. शिवाय गव्हात जे लायसीन नावाचे द्रव्य कमी असते, ते निवळीच्या प्रथिनांत विपुल असते. वरण आणि भात एकमेकांची उणीव भरून काढतात, तसेच हे दोघे सोबती होत.

जेवताना मी पुतणीकडे पाहत होतो. तिने ताट चाटूनपुसून खाल्ले, वर पावाच्या तुकड्याने भांडेही पुसले. मग ती हळूच सांगू लागली. "काका, पतीच्या निधनानंतर नोन्ना जेवेनाशा झाल्या होत्या. मांस चावत नव्हते, अंडी नकोशी झाली होती. मी त्यांच्यासाठी दिवसभर खटपट करी आणि रात्री थकून स्वतः पाव खाऊन झोपे. मी जिन्यावर पडले त्या दिवशी त्या खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, उद्यापासून मी रांधीन आणि तू माझ्यासमोर बसून खाशील. तू खाल्लेस तर मी खाईन." त्या दिवसापासून त्यांचा हा करार चालू आहे. वृद्धेस पोरीकरिता उठावे लागते, आणि पोरीस वृद्धेकरिता जेवावे लागते. कोण कोणाची शुश्रूषा करते हे मला शेवटपर्यंत ठरविता आले नाही.

घरी परतल्यावर मी हा वृत्तांत सांगितला, आणि वहिनींसमोर ते जेवण करून दाखविण्याचा घाट घातला. प्रथम माझी फजितीच झाली. रिकोत्ता येथे कोठून आणावा? मी दूध उकळून, लिंबू पिळून पनीर केले व उरलेले पाणी मोठ्या आशेने पुन्हा चुलीवर चढविले. अर्धा तास जाळ केला. एक पुंजका वर येईल तर शपथ! पुढे वाचून-विचारून उलगडा झाला. मेंढपाळ दूध कोमटच ठेवतो, त्यामुळे निवळीची प्रथिने पाण्यातच राहतात. आपण दूध उकळतो तेव्हा ती आधीच पनीरला बिलगतात. पाण्यात जवळजवळ उरतच नाहीत. म्हणजे आपल्या पनीरमध्ये चीज आणि रिकोत्ता दोन्ही एकत्र आलेली असतात. नुकसान काहीच नाही. पद्धत मात्र बदलावी लागते.

ती अशी. एक लिटर दूध उकळून उतरवावे, एका मोठ्या लिंबाचा रस थोडा थोडा घालून फोडावे व फडक्यात गाळावे. पनीर दाबू नये. दहा मिनिटे निथळू देऊन ओलेच घ्यावे. अर्धी वाटी कोमट दूध घालून मिक्सरमध्ये अगदी मऊ वाटावे. नुसते घोटून भागत नाही, कण राहतात. नंतर मीठ, मिरपूड, मिळाल्यास थोडे किसलेले चीज घालावे, आणि पास्त्याचे पाणी पळीपळीने मिसळावे. गाईच्या एक लिटर दुधात सुमारे 32 ग्रॅम प्रथिने असतात व त्यांतील बहुतेक या सॉसमध्ये येतात. दूध फुटल्यावर उरणारे पाणी आमटीत किंवा चपातीच्या कणकेत वापरावे. ज्यांना दात नाहीत, ज्यांना आजारातून उठल्यावर अन्न जात नाही, त्यांनाही हे ताट सोसते.

दुसऱ्या खेपेस सॉस उत्तम जमला. वहिनींनी प्रथम संशयाने एक घास घेतला, मग दुसरा. "असलेच ती तिकडे खाते?" त्यांनी विचारले. मी होय म्हणालो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पातेल्यातील दाट पाण्याकडे पाहून म्हणाल्या, "म्हणजे ही आपली पेजच की हो, भावजी." आणि कित्येक महिन्यांनी त्यांनी पोटभर जेवण केले.

आपल्या गावांतील कितीतरी मुलेमुली आज परमुलखात दुसऱ्यांच्या आईबापांना भरवीत आहेत. त्यांची पत्रे, दूरध्वनी येतात तेव्हा आपण पगार विचारतो, रजा विचारतो. यापुढे हेही विचारावे, की आज काय रांधलेस, आणि कोणाबरोबर बसून जेवलीस? थकून आलेल्या माणसाला पंधरा मिनिटांत होणारे, अंगी लागणारे अन्न ठाऊक असणे ही लहान गोष्ट नव्हे. आणि घरात चुलीवरचे पाणी ओतून देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. रोमच्या मेंढपाळाने आणि आपल्या आजीने, एकमेकांस न भेटता, ते राखून ठेवावयास शिकविले आहे.