छोटूचे जुलाब आणि लिटरचे माप

घरात लहान मूल आजारी पडले की सगळ्यांनाच काम लागते. या पावसाळ्यात मलाही लागले.

आमचा छोटू दीड वर्षाचा आहे. श्रावणात त्याला एकदम जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत ६ वेळा झाले. दोनदा ओकलासुद्धा. बाबा बाजाराला गेले होते. ओढ्याला पूर आला होता आणि दवाखाना ओढ्यापलीकडे. आजी म्हणाली, "पोराला पानी देऊ नगंस, आनखी पातळ व्हईल." आई रडकुंडीला आली. मी पळत जाऊन आशाताईंना बोलावून आणले.

ताईंनी आधी छोटूला नीट पाहिले. रडताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सरळ झाली. "अजून वेळ गेलेली नाही," त्या म्हणाल्या. मग आजीला म्हणाल्या, "मडकं गळतंय म्हणून पाणी घालायचं थांबवलं, तर मडकं रिकामंच होणार की नाही?" आजी गप्प बसली.

ताईंनी जलसंजीवनीची पुडी दिली. ती सगळी एक लिटर पाण्यात घालायची असते. आमचा तांब्या किती लिटरचा, ते कुणालाच ठाऊक नव्हते. पण आम्ही डेअरीला दूध घालतो, म्हणून घरात लिटरचे माप आहे. मी ते घासून आणले. आईने उकळून गार केलेले पाणी मोजून घेतले.

पाजायचे काम माझ्याकडे आले. एकेक चमचा, सावकाश. ओकला तर १० मिनिटे थांबायचे आणि मग आणखी हळू पाजायचे. दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप पोटात गेला पाहिजे, असे ताईंनी सांगितले होते. मी पाटीवर दोन रकाने केले. एकात जुलाब, दुसऱ्यात कप. आईचे दूध चालूच ठेवले. संध्याकाळी त्याने दोन घास मऊ खिचडी खाल्ली.

रात्री वीज गेली. आई आणि मी आळीपाळीने जागलो. छोटू गप्प पडला की मला भीती वाटायची. मी त्याच्या नाकाशी बोट धरून बघत असे. पहाटे त्याने आईच्या मांडीवर शू केली. आई एकदम हसली! शू झाली म्हणजे अंगात पाणी आहे.

सकाळी पूर ओसरला. डॉक्टरांनी माझी पाटी वाचली. त्यांनी झिंकच्या १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या. जुलाब थांबले तरी गोळी बंद करायची नाही, असे सांगितले. आजीने स्वतः रोज गोळी दिली आणि भिंतीवर कोळशाने १४ रेघा ओढल्या.

शाळेत बाईंनी आम्हाला सांगितले, की १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ आली. सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांचे पाणी पाजून पुष्कळ रोगी वाचवले. पाजणारे रोग्यांचे नातेवाईकच होते. डॉक्टरांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ते ऐकून मला वाटले, मीपण छोटूची नातेवाईकच की!

मित्रांनो, आणि शाळेत आलेल्या आईबाबांनो, एवढे लक्षात ठेवा. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. केलेले पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेले ओतून द्या. पण मुलाचे डोळे खोल गेले, ते सुस्त पडले, पाणी पिईना, शीमध्ये रक्त दिसले किंवा चिमटीतली कातडी हळू खाली गेली, तर घरी थांबू नका. लगेच दवाखाना गाठा. वाटेतही पाणी पाजत राहा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी