तुटक रेघ

काचीगुडा, हैदराबाद

चि. मुक्तास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार दिवसांत लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर डेल्स आणि वर स्कॉटलंड, तेही भाड्याच्या गाडीने! यात्रा कंपनीची बसही इतकी धावत नाही. पण मला झोंबलं ते पुढचं वाक्य: 'इथे पायवाटा आहेत मामा, आपल्याकडे नुसते रस्ते.' तू हे लिहिलंस? अगं, तिथल्या पायवाटा काही हिरवळीबरोबर उगवलेल्या नाहीत. पीक डिस्ट्रिक्टमधलं किंडर स्काउटचं पठार जमीनदारांनी शिकारीसाठी अडवून ठेवलं होतं. 24 एप्रिल 1932 रोजी कामगार तरुण तिथे ठरवून घुसले, आणि त्यांतले पाच तुरुंगात गेले. पुढे 1949 च्या कायद्याने पायवाटांचे अधिकृत नकाशे करणं कौन्सिलांना भाग पडलं. नकाशावर चढलेली वाट मालक बदलला म्हणून मिटत नाही. शिवाय लोक 20 वर्षं उघडपणे, बिनहरकत चालत राहिले, तर वाट सार्वजनिक झाल्याचं कायदा गृहीत धरतो. म्हणजे चालणं हाच पुरावा! इंग्लंड-वेल्समध्ये अशा वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या घरात आहेत. तू गाडीतच बसलीस तर दिसणार काय, दोन्ही बाजूंची उंच झुडपांची कुंपणं.

म्हणशील, त्यांची हवा थंड, शेतं मोठी. आपल्याकडे गुंठ्यागुंठ्यावरून भांडणं. ऊन कबूल. पण जमिनीचे तुकडे जितके लहान तितक्या वाटा जास्त लागतात, म्हणून तर आपल्याला पाणंद, शिववाट, गाडीवाट असे वेगवेगळे शब्द लागले. गावनकाशावर त्या तुटक रेघांनी काढलेल्या असतात. महाराष्ट्रात 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागताही येते. मात्र मागतो तो शेतकरी, बैल-अवजारं न्यायला. नुसतं हिंडायला वाट हवी, असं आपल्यात कुणी म्हणत नाही. कमी पडलो ते इथे. पण अपवादही आहेत, हैदराबादचे खडकच बघ. अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट खाजागुड्याला अजून उभा आहे, भोवती काचेच्या इमारती. 1996 पासून 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' तो वाचवण्यासाठी झगडते, लोकांना खडकांतून पायी फिरवते. तू हसशील, पण मला त्या फिरण्याचं मोल किंडरपेक्षा कमी वाटत नाही. तिथे कुणी फिरकतच नसेल, तर सुरुंग लावणाऱ्याला हटकणार कोण?

असो. स्कॉटलंड यंदा गाळ. गाडी डावीकडूनच चालवायची म्हणून गाफील राहू नकोस, गावाकडचे रस्ते फार अरुंद असतात. आणि ती शेताच्या फाटकासमोर उभी करू नकोस. ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा घे, पंचवीस हजारांत एक या प्रमाणाचा. त्यात वाट हिरव्या तुटक रेघेने दाखवतात. कुरणात गाईंबरोबर वासरं दिसली तर मधून जाऊ नकोस, लांबून वळसा घाल; तिथे माणसं तुडवली गेली आहेत. धुकं उतरलं की मागे फिर. बरोबर कोण आहे, हे चार पानी पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीस. आधी ते कळव.

तुझा
मामा