उत्तरेचा तांबडा प्रकाश

फाल्गुन-चैत्रांत शहापूर-मुरबाडकडील डोंगरांवर वणव्याची तांबडी रेघ दिसली नाहीं, असें एकही वर्ष आम्हांस आठवत नाहीं. शेतकरी भातासाठीं राब भाजतात, रानें पेटतात. उत्तरेस आकाश लाल झालें तरी येथील माणूस मान वर करावयाचा नाहीं. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्रीं ध्रुवीय प्रकाश मुंबईपर्यंत दिसल्याची नोंद आहे. आमच्या मुरबाडच्या पूर्वजांनींही तो पाहिला असेल, आणि माहुलीकडे रान पेटलें असें म्हणून कूस बदलली असेल, ही हळहळ आम्हांस फार दिवसांची आहे.

सूर्यावरून सुटलेले विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या कचाट्यांत सांपडतात आणि चुंबकीय ध्रुवांभोंवतालच्या पट्ट्यांत उतरून तेथील विरळ हवेवर आदळतात. शंभर-दीडशें किलोमीटर उंचीवर प्राणवायु हिरवा प्रकाश देतो. दोनशेंच्या वर तोच तांबडा देतो. हा तांबडा रंग मोठा आळशी! क्षुब्ध झालेल्या अणूस तो बाहेर टाकण्यास जवळजवळ दोन मिनिटें लागतात. खालच्या दाट हवेंत तेवढ्यांत शेजाऱ्याचा धक्का लागून त्याची शक्ति हिरावली जाते. म्हणून तांबडा प्रकाश उंचावरच टिकतो, आणि उंच म्हणूनच दूरच्यांस दिसतो. सौर वादळ प्रचंड असलें कीं हा पट्टा विषुववृत्ताकडे सरकतो, व आमच्यासारख्या दक्षिणेकडील लोकांस उत्तरक्षितिजावर केवळ त्याचा माथा दिसण्याचा संभव असतो.

सप्टेंबर १८५९ च्या महावादळाची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेंत झाली. संशोधक ती आजही काढून पाहतात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनीं चुंबकसूचि बिथरणार, म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस नेलें. विजेपुढें विज्ञानानेंच माघार घेतलेली पाहून आम्हांस हंसूं येतें.

१० मे २०२४ च्या रात्रीं लडाखांतील हानले येथें हा तांबडा प्रकाश कॅमेऱ्यांनीं टिपला. ती बातमी वाचून दुसऱ्या रात्रीं आम्ही मुरबाडच्या घराच्या गच्चीवर गेलों. पश्चिमेस कल्याणकडील दिव्यांनीं आकाश पांढुरकें झालेलें. उत्तरेचा काळोख तेवढा शिल्लक होता. शहापूर तालुक्यांतील समृद्धि महामार्ग व त्यामागून येणारी वस्ती तो किती दिवस ठेवील, कोण जाणे.

"दिसलें का रे कांहीं?" मातोश्रींनीं खालून विचारलें.

"नाहीं आई. उजेड फार आहे."

थोड्या वेळानें परसांतला दिवा मालवल्याचा आवाज आला.