ऑर्थोचे चौदा दिवस

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं अभ्यास आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्या वर्षात ऑर्थोपेडिक्सच्या वाट्याला येतात दोन आठवडे. त्वचारोगाला एकच. माझी धाकटी बहीण मुंबईत इंटर्न आहे. तिला आता ऑर्थोच करायचंय आणि आईला वाटतं, तिनं स्किन घ्यावं. बदलापूरच्या आमच्या वन बीएचकेमध्ये सध्या याशिवाय दुसरा विषय नाही.

आईचा मुद्दा सरळ आहे : हातोडी, ड्रिल, रात्री-अपरात्री येणारे अपघात. हे काय मुलीचं काम आहे?

बहिणीकडे मुद्दा नाही, एक रात्र आहे. घरात घसरून पडलेल्या एका आजींचं मनगट मोडलं होतं. त्याला कोलीज फ्रॅक्चर म्हणतात. अब्राहम कोलीज या आयरिश सर्जननं १८१४ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रे यायला ८१ वर्षं होती. सगळा भरवसा हातांवर. मनगटात भुलीचं इंजेक्शन दिल्यावर रजिस्ट्रार मॅडमनी आजींचं कोपर धरलं आणि बहिणीला म्हणाल्या, "ये, तू ओढ." तिनं ओढलं. हाड बसलं. कच्चं प्लास्टर घातलं, पुन्हा एक्स-रे काढला.

"दादा, एरवी आम्ही गोळ्या लिहून देतो, पुढे काय झालं कळत नाही. इथे समोर दिसतं."

तिचा मित्र त्याच पंधरवड्यात दुसऱ्या युनिटला होता. तो ब्लड बँकेत फॉर्म पोचवत राहिला. त्याच्या मते ऑर्थो म्हणजे सुतारकाम.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ट्रेनिंगनंतर जो प्रोजेक्ट रिकामा होता तो मिळाला, टेस्टिंगचा. आज लोक विचारतात, टेस्टिंगची आवड कशी लागली? आवड बिवड काही नाही, तिथे एका सीनियरनं शेजारी बसवून शिकवलं. आपण 'कल' म्हणतो त्यात अशा हाकांचा वाटा बराच असतो. आणि हाक मारणारी बाई असेल, तर मुलीला ती जागा आपलीही वाटते. चौदा दिवस कमी आहेतच. पण त्यात एकदाही कुणी 'ये' म्हटलं नाही, तर चौदा महिनेही कमीच.

काल जेवताना आईनं विचारलं, "त्या मॅडम घरी किती वाजता जातात?"

बहीण क्षणभर थांबली. "रोज जात नाहीत."

आईनं तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.