फळीची खालची बाजू

पॅसडिनाच्या रोझ बोल स्टेडियमच्या आवारात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जुना बाजार भरतो. लॉस एंजेलिसला राहायला आल्यापासून मी तिथली नेमाची गिऱ्हाईक आहे, आणि माझी खरेदी ठरलेली असते: स्केटबोर्डशी नातं सांगणारी कुठलीही जुनी वस्तू. मग ती फळी असो, चाक असो, सिनेमाचं पोस्टर असो की बार्ट सिम्पसनचं चित्र छापलेला खाऊचा डबा. माझ्या गावाहून, शहाद्याहून, आई फोनवर विचारते, ‘बाई, हाई काय भंगार गोया करी ऱ्हायनी तू?’ तिला फोनवर सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

या खेळाचा जन्मच भंगारातला. दुकानात तयार फळी मिळू लागण्याआधी अमेरिकेतली मुलं बुटाला बांधायच्या जुन्या रोलर स्केटची चाकं उखडून लाकडाच्या तुकड्याला ठोकत. पुढच्या बाजूला फळांचं रिकामं खोकं बसवलं की धरायलाही सोय होई. समुद्राला लाटा नसल्या की कॅलिफोर्नियातले सर्फर अशा फळ्यांवर रस्ता कापू लागले. १९६३ मध्ये लॅरी स्टीव्हन्सन यांनी ‘मकाहा’ नावाने फळ्या बाजारात आणल्या आणि खेळ दुकानांतून पसरला.

माझ्या संग्रहातली सर्वांत लाडकी वस्तू कागदाची आहे: ‘लाइफ’ साप्ताहिकाचा १४ मे १९६५ चा अंक. मुखपृष्ठावर एकोणीस वर्षांची पॅटी मॅकगी, अनवाणी, धावत्या फळीवर हात टेकून उलटी उभी. बिल एप्रिज यांनी टिपलेला हा फोटो पाहिला की मला अभिमान वाटतो. ज्या खेळाकडे पुढे सगळ्यांनी पोरांचा खेळ म्हणून पाहिलं, त्याचं देशभर पोचलेलं पहिलं मोठं चित्र एका मुलीचं होतं. हा अंक दुर्मीळ नाही, कारण तेव्हा ‘लाइफ’ लाखोंनी खपत असे. पण मोल फक्त दुर्मीळतेत असतं, असं मी मानत नाही.

त्या काळची चाकं चिकणमातीच्या मिश्रणाची होती. रस्त्यावरचा एक खडा आडवा आला की चाक जागीच थांबे आणि मूल पुढे फेकलं जाई. अपघात वाढले, अनेक शहरांनी बंदी घातली, खेळ जवळजवळ संपला. तो पुन्हा उठला १९७० नंतर, फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची मऊ, पकड घेणारी चाकं आणली तेव्हा. मातीचं चाक आणि युरेथेनचं चाक शेजारी ठेवून दोन्हींवर बोट फिरवलं, की हा सगळा इतिहास बोटाला कळतो. १९७६ मध्ये ‘चार्लीज एंजल्स’ या मालिकेत फॅरा फॉसेट फळीवरून पळाली, १९८५ मध्ये ‘बॅक टू द फ्युचर’ सिनेमातला मार्टी फळीवरून, गाडीला धरून शाळेत गेला, आणि ज्यांनी कधी फळीवर पाय ठेवला नव्हता त्यांच्याही घरात तिची चित्रं शिरली.

बाजारात फळी हातात आली की जाणकार आधी ती उलटी करतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जसा आधी दात आणि खूर बघतो, तसंच हे. वरची बाजू काळ्या खरखरीत कागदाने झाकलेली असते, चित्र असतं खाली. लोखंडी कठड्यांवरून, पायऱ्यांच्या कडांवरून घसरताना ते चित्र मधोमध खरवडलं जातं आणि खालचं मेपलचं लाकूड उघडं पडतं. शेपटीचं टोक झिजून धारदार झालेलं असलं, तर मालक ती रोज टेकवून थांबत होता हे समजतं. २०१९ च्या जानेवारीत सदबीजच्या लिलावात ‘सुप्रीम’ या ब्रँडच्या २४८ फळ्यांचा संच आठ लाख डॉलरला गेला. त्या सगळ्या भिंतीवर टांगायच्या होत्या. मला मात्र खरवडलेली फळीच हवी असते, कारण तिच्यावर एका मुलाचं बालपण नोंदलेलं असतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानेही प्रसिद्ध स्केटबोर्डपटू टोनी हॉकची पहिली फळी जपली आहे, ती मोठ्या भावाने वापरून मग त्याला दिलेली, निळी, स्वस्तातली.

हे सगळं गोळा करताना शहादा डोळ्यांसमोरून हलत नाही. माझे भाऊ बेरिंगचा गाडा करत. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमधून बाद झालेली बेरिंगं मागून आणायची, रॉकेलमध्ये धुवायची. बाभळीच्या दांड्याची टोकं तासून बेरिंगच्या भोकात ठोकून बसवायची. वर खोक्याच्या पट्ट्या. पुढचा आडवा दांडा एकाच बोल्टवर फिरता ठेवायचा आणि पायाने वळवायचा. गोमाई नदीकडे उतरणाऱ्या डांबरी रस्त्यावर तो सुटला की लोखंडाचा खणखणाट गल्लीभर ऐकू येई. रोलर स्केटची चाकं फळीला ठोकणारी कॅलिफोर्नियातली मुलं आणि ही मुलं एकाच कुळातली. फरक इतकाच, की त्यांच्या फळ्या संग्रहालयात गेल्या आणि आमचे गाडे चुलीत.

मराठी माणसाला हे जपणं अवघड नाही. दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, वज्री अशा रोजच्या वापरातल्या हजारो वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि पुढे त्या राज्य सरकारच्या स्वाधीन केल्या. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहालयाला आहे. आता तर स्केटबोर्डही आपल्याकडे रुजतो आहे. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ मध्ये गुजरातेतल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत त्यात सुवर्णपदक जिंकलं. तिची पहिली फळी कुणीतरी आजच मागून ठेवायला हवी.

आणि आपल्या जिल्ह्यात, शहाद्यापासून धडगावपर्यंत, एखाद्या माळ्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात जुना गाडा अजून उरला असेल तर तो शोधायला हवा. रंगवू नका, दुरुस्त करू नका. कुणी केला, बेरिंगं कुठल्या गॅरेजची, कुठल्या उतारावर धावला, एवढं चिठ्ठीवर लिहून गाड्याला बांधा आणि जवळच्या शाळेत नेऊन द्या. शाळेनेही तो चषकांच्या कपाटात ठेवावा. मुलांनी स्वतःच्या हातांनी केलेली वस्तू जिंकलेल्या चषकाइतकीच शाळेची कमाई आहे.