पाठीवरचं पाणी

माणसाचा हात पाठीवर नेमका जिथे पोहोचत नाही तिथेच त्याला खाज सुटते, आणि नेमक्या तिथेच सॅक शिवणारे लोक पाण्याच्या बाटलीचा कप्पा शिवतात. खाजेचं एक बरं असतं. दाराची चौकट गाठून म्हशीसारखी पाठ घासता येते. बाटली चौकटीला घासून बाहेर निघत नाही.

ज्यांनी पाठीवर सॅक घेऊन डोंगर चढलेला नाही त्यांच्यासाठी हा विधी सांगतो. प्रथम उजवा हात मागे न्यायचा. दोन बोटं बाटलीच्या झाकणाला लागतात आणि बाटली आणखी आत जाते. मग कोपर वर करून, मान डावीकडे टाकून, एक पाय किंचित उचलून पुन्हा प्रयत्न करायचा. या अवस्थेत मागून येणाऱ्याला आपण नटराज वाटतो, आपल्याला स्वतःला मात्र खांदा निखळल्यासारखा वाटतो. समजा बाटली निघाली, प्यायलो. आता ती परत ठेवणार कशी? मान मागे वळत नाही, कप्प्याचं तोंड मिटलेलं, आणि समोर असा खडक की जो दोन्ही हातांशिवाय चढता येत नाही. शेवटी शहाणा माणूस एक निर्णय घेतो. तो पाणी पिणंच सोडून देतो.

वास्तविक हा प्रश्न आपण पहिलीत होतो तेव्हाच सुटलेला होता. आई गळ्यात वॉटरबॅग अडकवायची. पट्टा तिरका, बॅग पोटाशी. ती गळायची, शर्टाला नकाशे पडायचे, पळताना गुडघ्यांवर आपटायची. पण तहान लागली की पाणी हाताशी होतं. पुढे आपण मोठे झालो, शिकलो, आणि पाणी पाठीवर टाकलं.

मला डोंगराचा नाद लावला तो दादाने. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. १९७९ साली त्याने मला पहिल्यांदा सिंहगडावर नेलं, तेव्हा त्याच्या खांद्याला पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली मिलिटरीची पाण्याची बाटली होती. तिला खाकी जाड कापडाचं पांघरूण होतं. ते भिजवलं की वाऱ्याने आतलं पाणी गार राहायचं. ते गार पाणी दादा कुणाला पिऊ देत नसे, हा भाग वेगळा. चढताना पाणी प्यायचं नाही, पोटात डचमळतं, पाय जड होतात, असा त्याचा सिद्धांत होता. फारच गयावया केली तर तो झाकणात तीर्थाएवढं ओतून द्यायचा. झाकणातच, कारण बाटलीला तोंड लावलं की ती उष्टी. पाणी मागणारा तो कच्चा, हे माझ्या मनावर त्या दिवशी जे ठसलं ते ठसलंच.

अशा मताचा दादा एकटाच होता असं नाही, पण त्या मताला धक्के फार आधीच बसले होते. १९५२ साली तेनसिंग आणि रेमंड लँबर्ट एव्हरेस्टवर सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेले. आदली रात्र त्यांनी स्टोव्हशिवाय काढली होती आणि मेणबत्तीवर बर्फ वितळवून जे काही घोटभर मिळालं त्यावर भागवलं होतं. पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत ग्रिफिथ प्यू नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. स्टोव्ह न्या, बर्फ वितळवा, तहान असो नसो पीत राहा, असा त्यांचा धोशा. तेनसिंग दोन्ही खेपांना होते आणि दुसऱ्या खेपेला माथ्यावर पोहोचले. इतरही कारणं असतील, पण मी हे दादाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. दादा म्हणाला, "ते बर्फातलं. आपल्याकडे नाही चालत."

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०१६ च्या डिसेंबरात आम्ही दोघांनी राजगडावरून तोरण्याला जायचं ठरवलं. डोंगराच्या धारेवरून जाणारी ही वाट सहा-सात तास खाते आणि वाटेत पाण्याचा भरवसा नाही. दादा तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. त्याचा उजवा खांदा आखडलेला होता, म्हणून दोघांचंही पाणी मी माझ्या सॅकमध्ये घेतलं. निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना पाणी विचारत राहा हं. हे स्वतःहून मागायचे नाहीत." मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा." हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलं आहे, तेव्हा तेव्हा काहीतरी झालेलं आहे.

रात्री पद्मावती माचीवर देवळात झोपलो आणि पहाटे टाक्यावर चार लिटर पाणी भरलं. पाण्याच्या बाबतीत दशमान पद्धत फार निर्दय आहे. एक लिटर म्हणजे एक किलो, सूट नाही. जड वस्तू तळाशी ठेवावी, हे ट्रंक भरण्याचं घरगुती शास्त्र वापरून मी सगळ्या बाटल्या सॅकच्या बुडाशी घातल्या. (जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यावर ठेवायची असते, हे मला नंतर कळलं.) त्यावर स्वेटर, टॉवेल, विजेरी, दशम्यांचं फडकं, चिवड्याचा स्टीलचा डबा आणि सगळ्यांत वर दादाचं वर्तमानपत्र. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधणाऱ्याला आधी पाणी पाहायला सांगितलं आहे. सॅक भरणाऱ्याला त्यांनी वेगळं काही सांगितलेलं नाही. तेवढी अक्कल त्याला असेल असं त्यांनी धरलं असावं.

दादाने पहिल्यांदा पाणी मागितलं ते संजीवनी माचीवर. मी सॅक उतरवली, पट्टे सोडले, संसार बाहेर मांडला, बाटली दिली, संसार आत भरला, पट्टे आवळले आणि सॅक पाठीवर चढवताना एक सुस्कारा टाकला. मोठा नव्हता. बसमध्ये शेजारच्याला सरकायला लावताना आपण टाकतो तेवढाच. एरवी दादाला दारावरची घंटा ऐकू येत नाही, हा सुस्कारा मात्र नेमका ऐकू गेला. दुसऱ्यांदा त्याने मागितलं ते अळू दरवाजा उतरून धारेला लागल्यावर. तेव्हा मी सुस्कारा टाकला नाही. "आत्ताच तर प्यायलास!" असं म्हणालो. त्या 'आत्ताच'ला दीड तास झाला होता.

तिसऱ्यांदा त्याने मागितलं नाही.

मी विचारत नव्हतो असं नाही. वहिनींना शब्द दिला होता. पण रात्री दहा वाजता आलेल्या पाहुण्याला आपण "जेवूनच जाताय ना?" असं ज्या सुरात विचारतो, त्या सुरात मी "पाणी हवंय?" विचारत होतो. दादा म्हणे, "नको." मला हायसं वाटे. खरं म्हणजे मलाही तहान लागली होती. पण स्वतःसाठी सॅक उतरवायची तर दादापुढे कच्चा ठरलो असतो.

मधल्या खिंडीतला रस्ता ओलांडून आम्ही पुन्हा चढणीला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. समोर तोरण्याची बुधला माची दिसत होती. बुधला म्हणजे तेल साठवायचं जुनं भांडं, आणि तो सुळका उपड्या ठेवलेल्या बुधल्यासारखा दिसतो. उपडा म्हणजे रिकामा. हे सुचल्याचा मला फार आनंद झाला आणि दादाला सांगावं म्हणून मागे वळलो, तर दादा खाली बसलेला.

दादा बसणाऱ्यांतला नाही. चेहरा पांढुरका पडला होता, कपाळ कोरडं होतं. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "अण्णा आले का रे वर?"

अण्णा म्हणजे आमचे वडील. ते जाऊन बावीस वर्षं झाली होती.

त्यानंतर ती सॅक मी कशी उपसली ते सांगत नाही. वर्तमानपत्र वाऱ्याने उडालं. स्वेटर करवंदीच्या जाळीत गेला. चिवड्याचा डबा धारेवरून सुटला आणि ठणठण करत खाली बराच वेळ ऐकू येत राहिला. दशम्या, विजेरी, टॉवेल, पुन्हा दशम्या. मी हे सगळं काल रात्री स्वतःच्या हाताने नीट घडी घालून भरलं होतं. अखेर बुडाशी हात गेला. बाटल्या चारही भरल्यासारख्याच होत्या. चार किलो पाणी पाच तास पाठीवर वाहून मी ते जसंच्या तसं तिथवर आणून पोहोचवलं होतं.

दादाला ओढत एका झुडपाच्या सावलीत नेलं. टॉवेल भिजवून डोक्यावर टाकला. वहिनींनी औषधाच्या बाटलीत मीठ-साखर आणि एक लिंबू दिलं होतं, ते पाण्यात कालवून घोट घोट पाजलं. अर्ध्या तासाने त्याला घाम आला, मग मळमळ थांबली, आणि मग तो म्हणाला, "चिवडा काढ." तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"तू मागितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुला सॅक उतरवायला लागते," तो म्हणाला. रागाने नाही. साधं, कारण सांगतात तसं.

तोरणा तसाच सोडून आम्ही हळूहळू खिंडीतल्या रस्त्यावर उतरलो आणि एका टेम्पोने वेल्ह्याला आलो. वहिनींना आम्ही काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, कारण त्या वाचतात.

पुण्याला आल्यावर मी जो पहिला खर्च केला तो नळीवाल्या पिशवीचा. ही पिशवी सॅकच्या आत पाठीशी बसते आणि तिची नळी खांद्यावरून छातीशी येते. तोंडात धरायची, चावायची, ओढायची. हिचा जन्म मोठा मनोरंजक आहे. १९८९ साली अमेरिकेत टेक्ससमध्ये ऐन उन्हाळ्यातल्या शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसन नावाच्या गृहस्थाने सलाईनची पिशवी पाण्याने भरली, लांब पायमोज्यात घातली, मोजा सदऱ्याच्या पाठीला अडकवला आणि नळी खांद्यावरून पुढे घेऊन कपड्यांच्या चिमट्याने लटकवली. तो रुग्णवाहिकेवर काम करणारा माणूस होता. लोकांना शेवटी जे हातातून द्यावं लागतं ते आधीच तोंडातून घेतलेलं बरं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

पिशवीत दोष नाहीत असं नाही. पहिला महिनाभर पाण्याला नव्या रेनकोटाची चव असते, आणि नीट वाळवली नाही तर नळीत बुरशी धरते. ओढताना जो आवाज होतो तो आमच्या घरात बशीतून चहा पिणाऱ्यांना करायला बंदी आहे. सगळ्यांत वाईट म्हणजे किती पाणी उरलंय ते दिसत नाही. शेवटचा घोट हा शेवटचा होता हे पुढच्या घोटाला कळतं. दादासाठीही मी एक आणली होती. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "मी हुक्का ओढत नाही." पिशवी अजून वहिनींच्या कपाटात आहे.

जानेवारी २०१८ मध्ये आम्ही उरलेला तोरणा चढायला वेल्ह्याहून निघालो. या वेळी दादाची बाटली त्याच्या स्वतःच्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात होती. आखडलेल्या खांद्यामुळे त्याचा हात तिथे जाणं शक्य नव्हतं, पण मी मागे होतो आणि माझा हात अगदी सहज जात होता. दादा पुढे चालायचा. दहा-पंधरा मिनिटांनी मागे न बघता, न बोलता, डावा हात मागे करायचा, शर्यतीत दांडू घेणाऱ्यासारखा. मी बाटली हातात द्यायचो. तो प्यायचा, परत द्यायचा, मी कप्प्यात सारायचो. सॅक कुणालाच उतरवायला लागत नव्हती. सिद्धांताचा विषय दोघांनीही काढला नाही.

वर मेंगाईच्या देवळाच्या अलीकडे मी जरा मागे पडलो. नळी ओढली तर नुसता वारा आला. केव्हापासून येत होता कोण जाणे. म्हटलं, आता देऊळ काय, आलंच. तेवढ्यात दादा थांबला. या वेळी हात मागे आला नाही, तो स्वतःच वळला.

"तू केव्हा प्यायलास?"

"मघाशीच."

त्याने माझ्या नळीकडे पाहिलं. मग पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाला, "काढ ती बाटली."

मी बाटली काढली आणि लहानपणापासूनच्या सवयीने झाकणात ओतायला लागलो.

"झाकणात काय ओततोयस?" दादा म्हणाला. "तोंड लाव."