भात्याविना सूर

पक्षाघातानंतर वडिलांचा डावा हात मंदावला. भाता हलवता येईना, आणि घरातली पेटी अबोल झाली. डिजिटल पियानोला भाता लागत नाही, म्हणून जळगावहून धुळ्याला जाऊन मी एक वापरलेला पाहिला. सर्व 88 स्वरपट्ट्या आधी हळू, मग जोराने दाबून स्पर्शागणिक आवाज बदलतो का, हे ऐकले. पेडल, अडॅप्टर, हेडफोनची जोडणी तपासली. रंग उडाला होता. त्यावरून किंमत उतरवून घेतली. एखादी पट्टी मुकी निघाली असती, तर मात्र रिकाम्या हाताने परतलो असतो.

आता वडील रोज 10 मिनिटे डाव्या हाताने एकेक सूर शोधतात. हे फिजिओथेरपीला पर्याय नव्हे. हात पूर्ववत होईल, असे आश्वासनही मी देत नाही. परवा मात्र त्यांनी हेडफोन काढून आईला हाक मारली, “ऐक गं.”